बगळ्याचा आवंढा

माझी बायको आयडेला वारली त्याला आता दुसरा हिवाळा चालू आहे. शेजारी येतात, बसतात, आणि मला बरं वाटावं म्हणून माझ्या बेसबॉलबद्दल विचारतात. तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. त्यांना वाटतं, मला त्रास होईल. पण माझं बेसबॉल सांगायचं म्हटलं तर तिला वगळून सांगताच येत नाही. निदान १९१२चा तो उन्हाळा तरी नाही.

झेन्सव्हिलच्या संघात मी पिचर होतो, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा. तिशी उलटून गेली होती. त्याआधी मोठ्या लीगमध्ये एक हंगाम काढला होता, त्यातला बराचसा बाकावर बसून. मग पुन्हा आमच्या ओहायोत, छोट्या लीगमध्ये. माझं नाव व्हर्जिल स्वोप, पण मैदानावर ते कोणी घेत नसे. मान लांब आणि बारीक, म्हणून सगळे मला बगळ्या म्हणत. व्हर्जिल मी फक्त घरी आणि चर्चमध्ये होतो.

माझी भाकरी थुंकीच्या चेंडूवर चालायची. पुढे त्याच्यावर बंदी आली, पण तेव्हा तो टाकायला कोणाची हरकत नव्हती. एल्मच्या झाडाची आतली साल तोंडात धरायची. चघळली की ती भेंडीसारखी बुळबुळीत होते. चेंडूची एक बाजू त्या थुंकीनं ओली करायची आणि टाकायचा. चेंडू जोरात सरळ येतो आणि बॅटरसमोर आला की पायरी चुकलेल्या माणसासारखा खाली बसतो. बॅटर वरच्या वर दांडू फिरवतो.

पण प्रत्येक वेळी तोच टाकून चालत नाही. मध्ये साधा, सरळ चेंडूही टाकावा लागतो, आणि कुठला येतोय ते बॅटरला कळता कामा नये. म्हणून प्रत्येक चेंडूला हातमोजा तोंडापुढे धरायचा. कधी खरंच थुंकायचं, कधी नुसतं सोंग.

जूनपर्यंत माझं छान चाललं होतं. जुलैत मार बसायला लागला. साधासुधा मार नाही. ज्यांना आयुष्यात माझा चेंडू दिसला नव्हता असे लोक मला कुंपणापर्यंत मारू लागले. थुंकीच्या चेंडूला ते हातच लावत नव्हते, खुशाल सोडून देत होते, आणि सरळ चेंडूवर जणू आधीपासून वाट बघत उभे असायचे.

सगळ्यांनी एकच निदान केलं, बगळ्याचा हात मेला. पिचरचा हात असा मरतो. आज असतो, उद्या नसतो, आणि गेला की परत येत नाही. मी असे लोक पाहिले होते. मी खांद्याला घोड्याचं मलम चोळलं, गरम वाळूच्या पिशव्या ठेवल्या, उजव्या कुशीवर झोपणं सोडलं. पण खरी गोष्ट ही होती की माझा हात दुखत नव्हता. जराही नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. दुखलं असतं तर म्हणालो असतो, दुखतंय म्हणून असं होतंय.

हात जाणं म्हणजे आम्हा दोघांना काय होतं ते सांगायला हवं. मी आणि आयडेला, दोघंही कपबशांच्या कारखान्यातले. मी कच्च्या भांड्यांच्या फळ्या डोक्यावरून भट्टीकडे न्यायचो. ती आतल्या खोलीत होती, जिथं कप लुकणात बुडवतात. लुकण म्हणजे ती चकाकी येते ना, ते पातळ पांढरं पाणी. त्यात शिसं असतं. दोन वर्षांत तिचं उजवं मनगट लोंबायला लागलं. हात पुढे केला की पंजा खाली पडायचा, मोडलेल्या फांदीसारखा. आमचं एक मूलही गेलं, जन्मायच्या आधीच. डॉक्टर म्हणाले, त्या खोलीतून बाहेर काढा हिला. तेवढ्यात मला बेसबॉलचा पगार सुरू झाला आणि मी तिला काढलं. मनगट हळूहळू परत आलं. पहिल्यांदा तिनं पावाचं पीठ स्वतः मळलं त्या दिवशी आम्ही दोघांनी अख्खा पाव संपवला.

तेव्हा संघानं मला काढलं, तर मला फळ्या आणि तिला लुकण. आमच्या गावात आम्हाला येणारं दुसरं काम नव्हतं.

त्या बुधवारी व्हीलिंगचा संघ आला होता. चार सामने, शेवटचा शनिवारी. बुधवारी बायकांना मैदानात फुकट प्रवेश असायचा. आयडेला कधी यायची नाही. म्हणायची, तुला तिथं एकटा उभा बघितलं की मला बसवत नाही. त्या दिवशी मात्र ती आली. मला न सांगता. तिसऱ्या बेसच्या बाजूला, म्हणजे धावेच्या शेवटच्या टप्प्याजवळ, बायकांची बाकं होती, तिथं पहिल्या रांगेत बसली.

मी तो सामना हरलो. नऊपैकी सहाव्या इनिंगलाच मला बाहेर काढलं.

आमचा मॅनेजर रॅडमेकर. जाडा, शांत माणूस. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. मी बूट सोडत होतो, तो शेजारी येऊन बसला.

"दुखतो का रे हात?"

"नाही बॉस."

"खोटं बोलू नकोस."

"खरंच नाही."

त्यानं सुस्कारा सोडला. "दुखतो म्हणाला असतास तर एक महिना विश्रांती देऊ शकलो असतो. न दुखणाऱ्या हाताचं मी काय करू?" मग थोड्या वेळानं म्हणाला, "शनिवारी मिलरचा नंबर होता, पण त्याच्या हाताला गळू झालंय. तेव्हा शनिवारी तूच टाक."

"आणि मग?"

"मग काय ते तुलाही माहीत आहे, बगळ्या. मला कशाला बोलायला लावतोस?"

घरी गेलो तर टेबलावर शेंगदाण्याच्या रंगाचे घेवड्याचे दाणे, डुकराच्या मांसाचा तुकडा घालून शिजवलेले, आणि मक्याचा पाव. मला जेवण जाईना. आयडेला समोर बसली होती आणि माझ्याकडे टक लावून बघत होती.

"काय बघतेस?"

"खा आधी."

"भूक नाही."

"मी आले होते आज," ती म्हणाली.

मी काही बोललो नाही.

"आत्ता आवंढा गिळलास बघ."

"काय?"

"तुला काही बोलायचं नसलं की तू आवंढा गिळतोस. लग्न झाल्यापासून बघतेय. तुझा कंठमणी एवढा मोठा, पायऱ्या उतरल्यासारखा खाली जातो आणि वर येतो. व्हर्जिल, तो तिसऱ्या बेसजवळ उभा राहून बोंबलणारा माणूस कोण?"

"फेनो. त्यांचा जुना खेळाडू. बॅटरला ओरडून धीर देणं हे त्याचं काम."

"तो धीर देत नव्हता. तो तुझ्या गळ्याकडे बघत होता."

मी हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं, पण हसलो.

"हसू नकोस. मी त्याच्यापासून एवढ्याशा अंतरावर बसले होते. सगळे तुझ्या हाताकडे बघतात, हा एकटा माणूस हनुवटीखाली बघतोय. मला आधी रागच आला, म्हटलं माझ्या नवऱ्याच्या मानेला नावं ठेवतोय की काय. मग मीही बघायला लागले. तू हातमोजा तोंडाशी नेतोस. कधी आवंढा गिळतोस, कधी नाही. गिळलास की तो ओरडतो, 'चल रे लाडक्या!' नाही गिळलास की ओरडतो, 'डोळे उघडे ठेव!' आणि 'लाडक्या' म्हटलं की ते मारतात."

मी चमचा खाली ठेवला.

मला तिथल्या तिथं कळलं. खरंच थुंकायचं असलं की तोंडातलं सगळं चेंडूवर जातं. सोंग करायचं असलं की तोंड त्या बुळबुळीत पाण्यानं भरलेलं तसंच राहतं. मग ते जाणार कुठं? मी ते गिळत होतो. गिळतोय हे मला माहीतही नव्हतं. आवंढा म्हणजे सरळ चेंडू. माझा गळा प्रत्येक वेळी त्यांना सांगत होता, आणि जुलैभर लीगमधल्या बाकीच्यांनाही.

"पण जूनमध्ये नव्हतं होत असं," मी म्हणालो.

"जूनमध्ये काय वेगळं करत होतास?"

जूनमध्ये मी साल कमी चघळायचो. मग बॅटरमागे बसून माझे चेंडू झेलणारा कॅचर टार्पी म्हणाला होता, थुंकायचं असतं तेव्हाच तुझा गाल फुगतो, एखाद्याच्या लक्षात येईल, तर प्रत्येक चेंडूला तोंड भरून ठेव. मी इमानदारीनं प्रत्येक चेंडूला तोंड भरून ठेवलं होतं. जेवढी जास्त काळजी घेतली, तेवढा जास्त मार खाल्ला.

गुरुवारी सकाळी मी टार्पीला घरीच बोलावलं. आयर्लंडचा म्हातारा, बोटं सगळी वाकडी, प्रत्येक बोट वेगळ्या गावाला निघालेलं. आयडेलानं त्याला सगळं सांगितलं. तो कॉफी पीत ऐकत होता.

"म्हणजे मीच बुडवलं तुला," तो म्हणाला.

"तसं नाही रे."

"तसंच आहे. पंधरा वर्षं मी पिचरांच्या समोर उकिडवा बसतोय, आणि एक गोष्ट दिसली नाही." मग आयडेलाकडे वळून म्हणाला, "बाई, तुम्ही कॅचर का नाही झालात?"

"मला उकिडवं बसता येत नाही," ती म्हणाली. "आता करायचं काय ते सांगा."

"कॉलर वर करून गळ्यापर्यंत बटणं लावतो," मी म्हणालो.

"ऑगस्टमध्ये? लोकरीच्या सदऱ्यात? चक्कर येऊन पडशील. आणि फेनो काय आंधळा आहे? तुझा गळा झाकलेला दिसला की त्याला कळेल की आपल्याला कळलंय. नाही, नाही. झाकायचं नाही. उलटं करायचं."

"उलटं म्हणजे?"

"थुंकीचा असेल तेव्हा गिळ. सरळ असेल तेव्हा गिळू नकोस. बाकी त्यांचा लाडका फेनो सांभाळेल."

बोलायला सोपं होतं. दोन दिवस, सामन्याची वेळ होईपर्यंत, आमचं स्वयंपाकघर म्हणजे मैदान झालं. आयडेला खुर्ची टाकून बीट सोलत बसायची, मी चुलीपाशी तोंडात साल घेऊन उभा. टार्पी तिच्या मागे उभा राहून बोटांनी खूण करायचा. थुंकीच्या चेंडूला अर्धं थुंकायचं आणि उरलेलं अर्धं गिळायचं, म्हणजे चेंडूही ओला आणि आवंढाही दिसला. ते जमलं. पण सरळ चेंडूला तोंड भरलेलं ठेवून न गिळता हात फिरवायचा, ते काही जमेना. गळा माझं ऐकेना. मी म्हणायचो थांब, तो म्हणायचा गिळतो.

"गिळलास," आयडेला म्हणायची.

"नाही."

"गिळलास. बिटाकडे बघत होते तरी दिसलं."

एकदा इतकं जोरात थांबवलं की ते सगळं नाकात गेलं आणि मी खोकून खोकून खाली बसलो. टार्पी हसत होता. आयडेलाही हसली, पण तिचे हात थांबले होते. तिनं विचारलं, "शनिवारी असं झालं तर?"

"तर लोकांना पैसे वसूल," टार्पी म्हणाला.

ती हसली नाही.

शुक्रवारी सकाळी ती टोपी घालून बाहेर गेली. बहिणीकडे जाते म्हणाली. मी चुलीपाशी उभाच होतो, तोंड भरलेलं, त्यामुळे नुसती मान हलवली.

शनिवारी कारखाने अर्धा दिवस. मैदान भरलं होतं. अर्धे लोक माझ्या ओळखीचे, भट्टीवरचे, फळ्या वाहणारे. त्यांच्या सदऱ्यांवर पांढरी धूळ तशीच होती. मला बघून एक जण ओरडला, "बगळ्या, तुझी फळी ठेवलीय हं जपून!" सगळे हसले. वाईट भावनेनं नव्हता म्हणाला तो. 

आयडेला त्याच बाजूला बसली होती, या वेळी तिकीट काढून. मी एकदाच बघितलं. तिनं दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले होते.

पहिला बॅटर आला. टार्पीनं थुंकीच्या चेंडूची खूण केली. मी हातमोजा तोंडाशी नेला, अर्धं थुंकलो, अर्धं गिळलं. तिसऱ्या बेसकडून फेनोचा आवाज आला, "चल रे लाडक्या!" बॅटरनं सगळं अंग झोकून दांडू फिरवला आणि चेंडू त्याच्या गुडघ्याखालून निघून गेला. तो स्वतःभोवती फिरून पडायचाच बाकी राहिला.

पुढचा सरळ. तोंड भरलेलं. गळ्याला म्हटलं, आता नाही. आता नाही. चेंडू सुटला, गळा तसाच राहिला. "डोळे उघडे ठेव!" फेनो ओरडला, आणि बॅटर डोळे उघडे ठेवून चेंडू मधोमध जाताना बघत राहिला. अंपायर ओरडला, स्ट्राइक. असे तीन झाले की बॅटर बाद.

टार्पीनं चेंडू परत फेकला तेव्हा त्याचा चेहरा मुखवट्याच्या जाळीमागे दिसत नव्हता, पण त्याचे खांदे हलत होते.

असं पाच इनिंग चाललं. आमच्या लोकांनी तीन धावा केल्या. व्हीलिंगचा एकही माणूस तिसऱ्या बेसपर्यंत पोचला नाही. पण मला आनंद नव्हता. प्रत्येक चेंडूला आधी गळ्याचा विचार, मग हाताचा. चेंडू काळा पडला होता, तंबाखूच्या पिंकांनी, मातीनं, माझ्या थुंकीनं. सदरा अंगाला चिकटला होता. आणि मला सारखं वाटत होतं की आता विसरेन. कुठल्या चेंडूला गिळायचं ते आता विसरेन.

सहाव्या इनिंगमध्ये विसरलो नाही, पण फेनो मध्येच गप्प झाला. हाताची घडी घालून माझ्याकडे बघत राहिला. मग आपल्या बाकाकडे गेला, त्यांच्या लोकांशी काही बोलला आणि परत येऊन उभा राहिला. मी गिळलं. तो ओरडला, "डोळे उघडे ठेव!"

त्याला कळलं होतं.

त्या इनिंगला त्यांनी दोन धावा काढल्या. मग मी कधी गिळू लागलो, कधी नाही, कशाचा कशाशी संबंध नाही. फेनोही चुकायला लागला आणि मीही. सातवी, आठवी कशीबशी गेली. तीन विरुद्ध दोन.

नववीत त्यांचे तीनपैकी दोन बाद झाले आणि दोन जण धाव घ्यायला बेसवर उभे. एक मार बसला की सामना गेला. बॅटिंगला कार्नी आला, त्यांचा सगळ्यात दांडगा माणूस. टार्पीनं थुंकीच्या चेंडूची खूण केली. मी हातमोजा तोंडाशी नेला आणि काहीच नाही. तोंड कोरडं. साल होती दाढेखाली, पण लाकडाच्या ढलप्यासारखी. जीभ टाळूला चिकटलेली. थुंकायला नाही, गिळायलाही नाही.

मी हात वर केला. टार्पी धावत आला.

"काय झालं?"

"थुंकी नाही."

"म्हणजे?"

"संपली. तोंड कोरडं पडलंय."

"माझी घे."

"तुझ्या तोंडात तंबाखू आहे."

"अरे, मग चेंडू आणखी काळा होईल, काय वाईट?" तो हसला, पण माझ्याकडे बघून थांबला. "बगळ्या, सरळ टाक मग. सगळे सरळ."

"सरळ? कार्नीला?"

"दुसरं काय आहे तुझ्याकडे?"

"टार्पी, आणि हात खरंच मेला असेल तर?"

हे मी त्या दोन दिवसांत कोणालाही बोललो नव्हतो. आवंढ्याचं कळलं, म्हणून हात चांगला आहे असं थोडंच सिद्ध होतं? दोन्ही खरं असू शकत होतं. महिनाभर माझा एकही सरळ चेंडू असा गेला नव्हता की जो समोरच्याला आधीच माहीत नाही. आज गेले, पण ते फसले म्हणून गेले. नुसत्या हातानं कोणाला बाद केल्याला किती काळ लोटला होता.

टार्पीनं वाकड्या बोटांनी चेंडू माझ्या हातात दाबला. "मेला आहे का?"

"माहीत नाही."

"मग आता कळेल," तो म्हणाला आणि परत जाऊन उकिडवा बसला.

हातमोजा मी तोंडाशी नेला, सवयीनं. फेनो माझ्या गळ्याकडे बघत होता. गळा हलला नाही. तो काहीच ओरडला नाही. त्यालाही आता कळत नव्हतं.

मी टाकला. जेवढा अंगात जोर होता तेवढा. खांद्यापासून कमरेपर्यंत सगळं त्या चेंडूमागे गेलं. कार्नी हललाच नाही. स्ट्राइक. तो खाली बसणाऱ्या चेंडूची वाट बघत होता.

दुसऱ्याला त्यानं दांडू फिरवला, पण उशिरा. चेंडू मागे लोकांत गेला. पिवळ्या टोपीवाल्या माणसानं तो परत फेकला. उशिरा! माझ्या चेंडूला कोणी उशिरा दांडू फिरवलेला मी जूननंतर पाहिला नव्हता. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. आता काहीतरी हातात होतं, आणि ते जाऊ शकत होतं.

तिसरा चेंडू त्याला लागला. जोरात. मी आवाजावरून ओळखलं आणि मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. टार्पीकडे बघत राहिलो. टार्पी उभा राहिला, जाळी काढली, मान वर केली. चेंडू वर जात असताना तोही वर बघत होता. मग त्याची मान हळूहळू खाली आली. फार वेळ लागला तिला खाली यायला. मग त्यानं जाळी हवेत फेकली आणि माझ्याकडे धावत सुटला.

कुंपणाला पाठ टेकून आमच्या माणसानं झेलला होता, लोकांनी नंतर सांगितलं.

रॅडमेकर बूट घालायच्या खोलीत आला. सगळे गोंधळ घालत होते. तो माझ्यासमोर उभा राहिला, माझा उजवा खांदा बाजारातल्या भोपळ्यासारखा दोनदा दाबून बघितला.

"सोमवारी दहा वाजता सराव," तो म्हणाला. "उशीर केलास तर दंड."

बस, एवढंच. तेवढंच मला पाहिजे होतं.

रविवारी चर्चमधून आल्यावर आयडेलानं कोंबडी केली. मी दोनदा वाढून घेतलं. ती नीट जेवत नव्हती.

"काय झालं?"

"एक सांगायचंय. रागावू नकोस."

"आज मी कोणावरही रागावणार नाही."

"शुक्रवारी मी बहिणीकडे नव्हते गेले. कारखान्यात गेले होते. सोमवारपासून येते म्हणून सांगून आले."

मला आधी कळलंच नाही. "कुठं येते?"

"बुडवायच्या खोलीत. बायका कमी आहेत त्यांना. तिथली मुकादम आहे ना, मिसेस ग्रूब, तिनं लगेच हो म्हटलं."

"डेला!"

"तू म्हणालास रागावणार नाही."

"मी हरेन असं वाटलं तुला?"

"तसं नाही. तू रोज चुलीपाशी उभा राहून गुदमरत होतास, माझ्यासाठी. मला ते बघवेना. म्हटलं, काहीही झालं तरी एक गोष्ट ठरलेली असावी. म्हणजे तू मैदानात असताना मला तरी स्वस्थ बसता येईल."

"बसलीस स्वस्थ?"

"नाही," ती म्हणाली.

मी तिच्या ताटात कोंबडीचा तुकडा वाढला. मग मी म्हणालो, "आता जायचं नाही."

"जायचं नाही. पण शब्द दिलाय. न कळवता दांडी मारली तर त्या बाईची पंचाईत होईल. समोर जाऊन सांगायला हवं."

सोमवारी सकाळी आम्ही दोघं कारखान्याच्या फाटकापाशी गेलो. भोंगा झाला. ओळखीच्या बायका आत जात होत्या, माझ्याकडे बघून हात करत होत्या, शनिवारचं बोलत होत्या. आयडेला त्यांच्याबरोबर आत गेली. मी बाहेर थांबलो. पुरुषांना त्या बाजूनं आत सोडत नसत.

पाच मिनिटांचं काम होतं. ती आली नाही.

मिसेस ग्रूब ही वाईट बाई नव्हती, तेच अवघड होतं. विधवा होती, बारा कप एका हातानं उचलायची, आणि कोणाकडे काही मागितलं की समोरच्याला नाही म्हणवत नसे. ती म्हणेल, फक्त आठवडाभर ये गं, नवीन मुलगी मिळेपर्यंत. आयडेला कोणाला नाही म्हणू शकत नसे. आठवड्याचे दोन होतात. मी फाटकाच्या गजांतून आत बघत होतो. पांढऱ्या धुळीत बायकांच्या बुटांचे ठसे. आतून कपांचा किणकिण आवाज. शनिवारी नवव्या इनिंगला मी इतका घाबरलो नव्हतो. तिथं निदान चेंडू माझ्या हातात होता.

ट्राममधून मैदानाकडे जाणारे आमचे दोन खेळाडू दिसले. त्यांनी हाक मारली. मी मान हलवली.

मग ती आली. तिच्या उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर दुमडलेली होती.  बुडवताना बायका तशाच बाह्या वर करतात.

"काय केलंस? काम केलंस?"

"नाही रे."

"मग बाही?"

"ती म्हणाली आठवडाभर तरी ये. मला नाही म्हणता येईना. मग मी बाही वर केली आणि हात पुढे धरून उभी राहिले. अजून जरासा थरथरतोच तो, बराच वेळ धरला की. तिनं बघितलं." आयडेला थांबली. "मग तिनं तिचा हात पुढे धरला. तिचाही लोंबतो, व्हर्जिल. आता आता सुरू झालंय. कोणाला सांगितलं नाहीये तिनं."

आम्ही दोघंही फाटकाकडे बघत राहिलो.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, जा. परत येऊ नकोस. आलीस तर मीच हाकलून देईन."

तिनं बाही खाली ओढली. मनगटाचं बटण तिला एका हातानं लावता येईना, कधीच येत नसे. मी लावायला घेतलं. बारीक मोत्याचं बटण, माझ्या जाड बोटांनी ते काजात जाईना. ती शांतपणे हात पुढे धरून उभी होती.

"घाई करू नकोस," ती म्हणाली.

"दहा वाजता सराव आहे."

"मग दंड भर," ती म्हणाली. "पण नीट लाव."